आकड्याचा अर्थ : दीर्घकालीन रक्तकर्करोगाच्या मापनाचा इतिहास

प्रस्तावना

‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ या दीर्घकालीन रक्तकर्करोगाचा रुग्ण आज वर्षानुवर्षे गोळ्या घेऊन जगू शकतो. मात्र ठरावीक महिन्यांनी त्याला रक्ततपासणी करावी लागते आणि अहवालातील आकडा कधी चढतो, कधी उतरतो. हा चढ आजार परतल्याची खूण की मापनातील स्वाभाविक हेलकावा? या प्रश्नाचे उत्तर देण्यास वैद्यकशास्त्र कसे शिकत गेले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पेशीपासून जनुकापर्यंत

१८४५ मध्ये एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट व बर्लिन येथे रुडॉल्फ फिरखो यांनी रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याच्या विकाराची स्वतंत्रपणे नोंद केली. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे पेशींची संख्या व प्लीहेचा आकार हीच प्रमुख मोजपट्टी राहिली. १९६० मध्ये पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फिया येथे रुग्णांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीतून ते निर्माण होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. या अदलाबदलीतून घडणारे ‘बीसीआर-एबीएल’ हे संयुक्त जनुक १९८० च्या दशकात उलगडले.

२००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि मापनाचा प्रश्नच बदलला. बहुसंख्य रुग्णांत ते गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनासे झाले. गुणसूत्र-तपासणीत साधारणतः वीसच पेशी पाहिल्या जात असल्याने उरलेल्या आजाराचा माग घेण्यासाठी पीसीआर तंत्र अपरिहार्य ठरले.

समान मापाचा शोध

तथापि प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन व तुलनेचे जनुक निराळे होते. त्यामुळे एकाच नमुन्याचे आकडे निरनिराळे येत. ‘आयरिस’ या चाचणी-प्रकल्पात अ‍ॅडलेड, लंडन व सिएटल येथील प्रयोगशाळांनी उपचारापूर्वीचे ३० रुग्णांचे तेच नमुने मोजून एक आधारपातळी निश्चित केली. पुढे तिला १०० टक्के मानण्यात आले. तिचा हजारावा भाग, म्हणजे ०.१ टक्का, हा समाधानकारक प्रतिसादाचा टप्पा ठरला. ऑक्टोबर २००५ मधील बेथेस्डा येथील बैठकीतून या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीची शिफारस पुढे आली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी प्रमाण-नमुनेही मान्य केले.

चढउतारांचे अर्थनिर्णयन

माप एक झाले तरी हेलकावे थांबले नाहीत. आजार अत्यल्प उरला की परीक्षानलिकेत मोजकेच रेणू येतात. ते किती यावेत हे काही अंशी योगायोगावर अवलंबून असते. त्यामुळे ०.००४ चे ०.०१ होणे दुपटीहून अधिक भासले, तरी त्याला फारसा अर्थ नसू शकतो.

याउलट प्रत्येक वाढ निरुपद्रवी समजणेही धोक्याचे असते. २००४ मध्ये अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या २१४ रुग्णांच्या अभ्यासात, दुपटीहून अधिक वाढ झालेल्या ५६ पैकी ३४ जणांत जनुकीय उत्परिवर्तने आढळली. उरलेल्या १५८ जणांपैकी केवळ एकात. पुढे औषध थांबविण्याचे प्रयोग सुरू झाल्यावर दुसरी बाजू दिसली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासातील काही रुग्णांत औषधाविनाही आकडा ०.१ टक्क्याच्या खाली वरखाली होत राहिला. आजार मात्र उसळला नाही. म्हणून औषध पुन्हा सुरू करण्यासाठी ‘आकडा दिसणे’ ही नव्हे, तर ‘०.१ टक्का ओलांडणे’ ही कसोटी स्वीकारली गेली.

समारोप

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते : आकड्याला अर्थ येतो तो मोजपट्टी, पूर्वीच्या नोंदी व ठरलेली सीमा यांच्या संदर्भातच. एकाच प्रयोगशाळेतील क्रमवार अहवाल, शंका आल्यास फेरचाचणी आणि औषध नियमित घेतले जाते की नाही याची चौकशी, हे त्या अनुभवाचे फलित आहे. एका अहवालावरून औषध बदलणे जितके घाईचे, तितकेच सलग चढत्या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.