धुलाई यंत्रांतील जलनिस्सारण
कपडे धुऊन झाल्यावर टाकीतील पाणी बाहेर काढणे व कपड्यांत मुरलेले पाणी वेगळे करणे या दोन क्रियांचा यात समावेश होतो. वरून कपडे घालावयाच्या यंत्रांचा विकास मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. या क्रिया मानवी हाताविना कशा घडवून आणाव्यात, हा प्रश्न त्या विकासाच्या मुळाशी होता.

पिळणीचा काळ : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विजेच्या यंत्रांत टाकीच्या तळाची तोटी उघडून अथवा पंपाने पाणी काढीत आणि कपडे दोन रबरी रुळांमधून पिळून घेत. कपडा हाताने रुळांत सरकवावा लागत असल्याने बोटे, प्रसंगी कोपरापर्यंतचा हात, आत ओढला जाई. लहान मुले या अपघातांना विशेष बळी पडत. १९३८ मध्ये या दुखापतीचे वर्णन ‘रिंगर आर्म’ या नावाने अमेरिकन वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झाले.

केंद्रोत्सारी पद्धती : भांडे वेगाने फिरविल्यास केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे कपडे त्याच्या भिंतीस चिकटतात व पाणी बाहेर फेकले जाते. ही प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भांड्याची त्रिज्या २५ सेंमी. धरल्यास मिनिटास ६०० फेऱ्यांना ती गुरुत्वाकर्षणाच्या सु. १०० पट, तर १,१४० फेऱ्यांना सु. ३६० पट होते. बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये पुढून उघडणारे स्वयंचलित यंत्र आणले. परंतु त्याच्या हादऱ्यांमुळे ते जमिनीस पक्के जखडावे लागे. १९४७ मध्ये वरून उघडणारी अनेक स्वयंचलित यंत्रे बाजारात आली. त्यांत दोन भिन्न पद्धती आढळतात.

(१) अखंड टाकी : फ्रिजिडेअरच्या ‘युनिमॅटिक’ यंत्रात फिरत्या टाकीच्या भिंतीस छिद्रे नव्हती. टाकी फिरू लागली की पाणी भिंतीवर चढून काठावरून बाहेरच्या आवरणात पडे आणि तेथून पंपाने जाई. पृष्ठभागावरील मळ व साबणाचा साका कपड्यांतून न गाळला जाता प्रथम निघून जाई, हा याचा लाभ होय. मात्र पाण्याचा संपूर्ण भार फिरविण्यास चलित्रावर ताण येई.

(२) सच्छिद्र टोपली : येथे स्थिर टाकीच्या आत छिद्रे असलेली टोपली असते. व्हर्लपूलच्या पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांत साधारणतः टोपली स्थिर ठेवून पंपाने पाणी काढीत. नंतर विद्युत् चुंबकांनी हलणाऱ्या तरफांच्या योगे ती फिरू लागे. चलित्र मात्र एकाच दिशेने फिरे. मेटॅगच्या यंत्रात एका दिशेने घुसळण, तर चलित्राची दिशा उलटताच निचरा व फिरकी एकदमच सुरू होत. त्यातील चलित्र स्प्रिंगांनी ओढून धरलेल्या सरकत्या बैठकीवर असे. भार जास्त असेतो पट्टा काहीसा घसरे; पाणी ओसरेल तसा टोपलीचा वेग वाढे. स्वतंत्र क्लचची गरज त्यामुळे उरली नाही.

अडचणी व सुरक्षितता : साबण जास्त झाल्यास टोपली व टाकी यांमध्ये फेस अडकून फिरकीस विरोध होई. कपडे एका बाजूस साचल्यास टोपली हेलकावे खाई. म्हणून तोलदर्शक स्विच बसवीत. निचऱ्याच्या नळीचे टोक टाकीतील पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावे लागे. अन्यथा वक्रनलिकेच्या (सायफनच्या) क्रियेने धुलाई चालू असतानाच टाकी रिकामी होई. रुळांचा धोका गेला तरी फिरत्या टोपलीचा धोका उरलाच. त्यासाठी झाकणाखालील स्विच व गतिरोधक यांची योजना झाली.

१९७९ मध्ये जनरल मोटर्सने फ्रिजिडेअर व्यवसाय विकला व त्या घडणीची यंत्रे बंद झाली. पुढे बहुतेक यंत्रांत निचऱ्यासाठी स्वतंत्र विद्युत् पंप आला आणि पट्टे, तरफा व क्लच यांची गुंतागुंत कमी झाली. तथापि, प्रथम निचरा व नंतर पूर्ण वेगाची फिरकी हा सच्छिद्र टोपलीच्या यंत्रांनी रूढ केलेला क्रम कायम राहिला.