मोगलाईच्या शिवेवर

ऑक्टोबर १७२४. तुम्ही साखरखेर्ड्याच्या शिवारात उभे आहात, पण तोफांच्या धुरात चार हातांवरचंही दिसत नाही. एकीकडे हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान, त्याच्या पाठीशी दिल्लीचा बादशहा. दुसरीकडे निजाम-उल-मुल्क आणि त्याच्या मदतीला थोरले बाजीराव. होय, मराठे निजामाच्या बाजूनं! धूर निवळतो तेव्हा मुबारिजखान मरून पडलेला असतो. निजाम गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवतो. आसफजाही घराण्याची दख्खनमधली सत्ता इथं, तुमच्या पायाखालच्या मातीत रोवली गेली.

आता सव्वादोनशे वर्षं ओलांडा. १९४८ चा उन्हाळा. गंमत अशी की फत्तेचं हे गाव निजामाच्या हातात राहिलेलं नाही. वऱ्हाड १८५३ मध्येच इंग्रजांकडे गेलं, १९०२ पासून वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यानं. आता इथं तिरंगा आहे आणि जालन्याच्या अंगाला मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. तिथून हजारो कुटुंबं वऱ्हाडाकडे, खानदेशाकडे, सोलापूर-नगरकडे निघालीत. गाडीत भांडी, अंथरुणं, पोरं. म्हाताऱ्यांना विचारलंत तर एकच शब्द ऐकू येईल : रझाकार.

तुम्ही उलट दिशेनं चाला. करोडगिरी म्हणजे जकातीचा नाका ओलांडला की निजामाचा अंमल. खाकीतली पोरं कवायत करताहेत. कुणाकडे भाला, कुणाकडे बंदूक. हेच रझाकार, मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची स्वयंसेवक फौज. मजलिस १९२७ ची. तिचे नेते बहादूर यार जंग यांनी तिला धार दिली : राज्य निजामाचं नाही, मुसलमान कौमचं, निजाम त्याचं फक्त प्रतीक. रयतेत शंभरातले ऐंशीहून अधिक हिंदू असताना ही मांडणी! १९४४ मध्ये ते गेले आणि दोन वर्षांनी सूत्रं लातूरच्या एका वकिलाकडे आली. कासीम रझवी. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा करणारा.

ऑक्टोबर १९४७ च्या त्या पहाटे हैदराबादेत थांबा. भारताशी करार करायला निघालेल्या पंतप्रधान छत्तारींच्या आणि कायदेपंडित मॉंक्टनच्या घराला रझवीच्या जमावानं वेढा घातलाय. शिष्टमंडळ निघत नाही आणि निजाम माघार घेतो. माझ्या मते रझाकारांचा खरा उदय हाच, आणि निजामाचा अंतही याच दिवशी सुरू झाला. जी टोळी गादी राखायला पोसली, तिनंच गादीवरच्या माणसाची सही अडवली.

पुढं सगळं वेगानं घडतं. बिदरकडच्या गोरटा गावात रझाकार माणसं कापतात. ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादेत ठार मारतात, त्यांचा हात छाटतात. गुन्हा काय? विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिलं. मुसलमानांचा कैवार घेणाऱ्यांनी मुसलमान संपादकालाच मारलं.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरतात. १७ तारखेला सारं आटोपतं. दुसऱ्या दिवशी निजामाचा सेनापती जनरल एल एद्रूस भारताच्या जनरल चौधरींपुढं शरण येतो. रझवीच्या लाखोंच्या फौजेला पाच दिवसही तग धरता आला नाही. दहशत बसवता येते. तिच्या जोरावर रणगाडा अडवता येत नाही.

पण गाडीवाल्यांबरोबर लगेच परतू नका. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड उगवला गेला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा इथल्या गावांत ज्यांनी कधी भालाही उचलला नव्हता, ती मुसलमान कुटुंबं मारली गेली. पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला गेला. रझवीला सात वर्षांची शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानला गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला.