गिनी मोडताना भाव कसा धरतात?

लग्न, फी, आजारपण निघालं की पेटीतली गिनी घाईत मोडली जाते. सराफाकडे जाण्याआधी हिशोब घरीच करावा, मग मालवण असो की सावंतवाडी.

आपण गिनी म्हणतो ते ब्रिटिश सॉव्हरिन. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट; म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. समजा, शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे, तर गिनीतलं सोनं ७३,२०० रुपयांचं. भाव ग्रॅममागे १०० रुपये हलला की गिनी ७३२ रुपयांनी हलते.

विकताना सराफ वर आपला नफा आणि ३ टक्के जीएसटी लावतो. मोडीत घेताना जीएसटी परत मिळत नाही, वर घट कापतात. हारासाठी कडी जोडलेली असेल, तर जोडाचं वजन सोन्यात धरत नाहीत. बँकेचं नाणं बँक परत घेत नाही.

जकातही आजच्या भावाने काढायची, खरेदीच्या नाही. निसाबाचे साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम. सराफाचा तोळा १० ग्रॅमचा. त्या मापाने ७५ ग्रॅम धरू नका.