माळ्यावरची बग्गी आणि तिच्या चौकटीतली चार भोकं

आपल्या सुरत-कडोदरा भागातल्या जुन्या आठवणी इथे सगळेच लिहितात, आज माझीही एक घ्या. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

या दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. कडोदऱ्याच्या घराचा माळा आवरताना त्याला एका खोक्यात अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, रिमोटवर चालणारी बग्गी सापडली. मोबाईलवर शोधाशोध करून म्हणाला, "आत्या, ही आरसी-टेन आहे! जुन्या गाड्या जमवणारे हिला चांगले पैसे देतात. पण बाबांनी हिची पार वाट लावलीय गं. चौकटीला भोकं, चाकं दोन मापांची. मी मूळची चौकट मागवतो आणि पहिल्यासारखी करून टाकतो."

मी म्हटलं, "थांब जरा." पण का थांब, ते तोंडी नीट सांगता येईना. म्हणून लिहितेय.

आधी गाडीची कुळकथा. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या गाड्या पूर्वी बहुतेक गुळगुळीत जमिनीवरच पळत. १९७९ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने वाळू-मातीत धावणाऱ्या बग्ग्या काढल्या आणि मुलांना अंगण, शेत, किनारा सगळं मोकळं झालं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड कंपनीने आरसी-टेन आणली. रॉजर कर्टिस यांनी आखलेली ही बग्गी म्हणजे खेळणं कमी आणि शर्यतीची गाडी जास्त. सोनेरी अॅल्युमिनियमची परातीसारखी चौकट, चारही चाकांना तेलाचे शॉकअप. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, कॅलिफोर्नियातल्या डेल मारला अशा बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आमच्याकडे ती आली १९९१ च्या हिवाळ्यात. आमचा मामेभाऊ ओहायोत नोकरीला होता, तो घेऊन आला. अण्णा तेव्हा कडोदऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये फिटर. अमळनेरहून आलेला, आयटीआय झालेला, हात सोन्याचे. मामेभावाने बग्गीबरोबर तिथल्या शर्यतींचे फोटोही दाखवले. अमेरिकेत गावोगावच्या जत्रांमध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मातीची लंबगोल मैदानं असत, त्यांवरच पुढे मोटारी धावू लागल्या. ओहायोतलं एल्डोराचं अर्ध्या मैलाचं मैदान १९५४ पासूनचं. आयोवातल्या नॉक्सव्हिलला १९६१ पासून दरवर्षी स्प्रिंट कारची मोठी शर्यत भरते. आपला शंकरपट सरळ धावतो, हे लोक गोल धावतात, आणि तेही कायम डावीकडे वळत. छोट्या गाड्यांचे शौकीनही तेच करू लागले. खाचखळग्यांसाठी बनवलेली बग्गी घरीच कापून-जोडून मातीच्या लंबगोलासाठी तयार करायची.

अण्णाच्या डोक्यात हे शिरलं ते शिरलंच.

जागा मिळाली चलथाणच्या बाजूला. तिथल्या साखर कारखान्याला ऊस जाई, तोडणी झाली की शेत मोकळं. अण्णाने मालकाला विचारून एक कोपरा घेतला. डांबराचं रिकामं पिंप पाण्याने भरून आम्ही दोघांनी लोळवलं. आपली काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. म्हणून संध्याकाळी झारीने पाणी मारायचं, थोडं सुकू द्यायचं, मग गाडी. अमेरिकेतही शर्यतीआधी मातीवर पाणी मारतात, हे मामेभावाने सांगितलं तेव्हा अण्णाला कोण आनंद!

पहिल्या दिवशी गाडी प्रत्येक वळणावर बाहेर फेकली जायची. अण्णाने वहीत लिहिलं: पाच मिनिटांत ४१ फेऱ्या. फेऱ्या मोजायला मी, हातात चिंचोके घेऊन.

आता भाच्या, तुझी भोकं. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर पडतो, डावी चाकं हलकी होतात आणि पकड सुटते. त्यावर उपाय म्हणजे वजन आधीच डावीकडे ठेवायचं. सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी ही गाडीतली सगळ्यात जड वस्तू, ती मधल्या ओळीत होती. तुझ्या बाबांनी चार भोकं पाडून ती डाव्या कडेला बसवली. परदेशी गाडीला ड्रिल लावताना त्याचा हात थरथरला होता, मी समोर बसले होते.

दोन मापांची चाकं का? स्टीलचा पेला आडवा करून फरशीवर घरंगळव. रुंद तोंड जास्त अंतर कापतं, म्हणून पेला आपोआप गोल फिरतो. उजवं मागचं चाक मोठं केलं की गाडी तशीच डावीकडे ओढते. मोठं टायर इथे कुठलं मिळणार? अण्णाने रिम आणि टायरच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचे पट्टे भरले. मग डिफरन्शियल आवळलं, म्हणजे दोन्ही मागची चाकं जवळपास एकत्र फिरतील. नाहीतर लहान-मोठ्या चाकांचा उपयोगच नाही. शॉकअपच्या आत बॉलपेनच्या नळीचे तुकडे घालून गाडी जमिनीलगत आणली.

एक डाव फसला. हवेने गाडी खाली दाबली जावी म्हणून स्प्रिंट कारला वर मोठा पंख असतो. अण्णाने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तो केला, तर वजन उंचावर गेलं आणि गाडी उलटायला लागली. मग तारेच्या चौकटीवर एक्स-रेची फिल्म ताणली. तो एक्स-रे माझ्या मोडलेल्या हाताचा. आजही उजेडात धरला तर पंखात माझी दोन हाडं दिसतात.

महिन्याभराने वहीत आकडा आला: ५२.

ऊसतोडीला आपल्याच खानदेशातून आलेली कुटुंबं शेजारी उतरलेली असत. त्यांची पोरं रांगेत बसायची. एक म्हातारे बाबा रोज अण्णाला अहिराणीत विचारायचे, "काय करी ऱ्हायना रे भो?" अण्णा रोज त्यांच्या हातात रिमोट द्यायचा. बाबा नुसतं डावीकडे धरून ठेवायचे आणि गाडी मस्त फिरायची.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. आम्हीही भुसावळच्या गाडीत कसेबसे शिरून अमळनेरला गेलो. परत आलो, पण पडून राहिलेली बॅटरी मेली होती आणि मिलमध्ये अण्णाच्या पाळ्या वाढल्या होत्या. बग्गी माळ्यावर गेली. अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. मिलमध्ये त्याने तीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं नीट केली, त्याच्या नावाचं तिथे काही नाही. स्वतःच्या मनाने आखून बनवलेली वस्तू एवढी एकच.

भाच्या, मूळची आरसी-टेन हवी असेल तर कंपनीने २०१३ मध्ये ती पुन्हा काढली होती, शोधलीस तर मिळेल. ही मिळणार नाही.

हे त्याला आधी पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. काल फोन आला, "आत्या, बाबांची ती वही कुठेय? चौकट नाही मागवत, नुसती बॅटरी मागवलीय. ऊस तुटला की येतो. फेऱ्या तूच मोजायच्या."

चिंचोके काढून ठेवलेत. चलथाणच्या त्या शेतातली गाडी तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल तर खाली जरूर लिहा. त्याला वाचून दाखवेन.