एका बटणाचा लूप

रेडिओवर उडणारं छोटं विमान लूप मारायला लागलं तेव्हा त्याला हलणारा एलेव्हेटरच नव्हता. शेपटीची आडवी फळी होती, पण ती पक्की चिकटवलेली. हलायचा तो फक्त डावं-उजवं वळवणारा रडर, आणि तोही एका बटणावर. आमच्या माळावर येणाऱ्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांच्या ट्रान्समिटरला दोन स्टिक, वर स्विचांची रांग, मधोमध रंगीत पडदा. नाक वर करायची सोयच नाही, तर विमान गोल फिरणार कसं, असं त्यांना वाटतं.

फिरायचं ते असं. बटण दाबून धरायचं. रडर एका अंगाला पूर्ण वळायचा, विमान त्या अंगाला झुकायचं आणि नाक खाली घालून घिरट्या घेत कोसळायला लागायचं. वेग चढू द्यायचा. जमीन जवळ आली की भल्याभल्यांचा अंगठा आपोआप उचलला जातो, पण तो उचलायचा नाही. पुरेसा वेग आला की मग बटण सोडायचं. रडर सरळ, पंख सरळ. बेताच्या वेगाला समतोल राहील असं जुळवलेलं ते विमान, एवढा वेग त्याला परवडायचा नाही. नाक आपसूक वर यायचं, येतच राहायचं, आणि गडी पाठीवर जाऊन पलीकडून उतरायचा. वर चढताना पुन्हा रडर दिला तर रोलसारखंही काहीतरी व्हायचं. देखणं नसायचं ते, पण व्हायचं.

या छंदाचा इतिहास सांगणारे तो इंजिनांच्या आणि विमानांच्या नावांनी सांगतात. मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड शिकवण्यात नोकरी घालवली, त्यामुळे मला तो अंगठ्याच्या बाजूने दिसतो. कोणत्या काळात कोणती कसरत उडवली गेली, हे विमानापेक्षा रेडिओने ठरवलं. अंगठ्यातलं विमानापर्यंत जेवढं पोचत होतं, तेवढंच आकाशात दिसत होतं.

सुरुवात अमेरिकेत, १९३७ साली. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला रॉस हल आणि क्लिंटन डिसोटो या हौशी रेडिओवाल्यांनी रेडिओने वळणारे ग्लायडर उडवून दाखवले. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओ-नियंत्रणाचा वेगळा गट पहिल्यांदा ठेवला गेला. पण माझं मन जडलंय ते मिशिगनमधल्या कॅलमझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांवर. त्यांच्या ‘गफ’ नावाच्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत आठ फूट. १९३८ ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी या विमानावर जिंकली. आज ‘गफ’ स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयात आहे. त्याच्या अंगावर मिरवण्यासारखं काही नाही. मला त्याच्या पोटात काय आहे ते बघायला आवडेल.

त्या काळचे रिसीव्हर म्हणजे एखाददुसऱ्या व्हॉल्व्हचं काम. रेथिऑन कंपनीचा आरके-६१ हा छोटा गॅस ट्रायोड आला आणि अनेकांनी तो एकच व्हॉल्व्ह आणि एक नाजूक रिले यांवर भागवलं. सिग्नल आला की करंट पडायचा, रिले सुटायचा. एवढीच भाषा: आहे किंवा नाही. या ‘आहे-नाही’तून डावं-उजवं काढायचं काम एस्केपमेंटचं. विमानाच्या पोटात लांब रबर पीळ देऊन ठेवलेलं असायचं, आणि दर दाबाला एक दाता सुटून रडर पुढच्या जागी जायचा. दाबलं की उजवा, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावा, सोडलं की सरळ. म्हणजे मागच्या वेळी कुठली बाजू झाली हे उडवणाऱ्याने डोक्यात ठेवायचं. घाबरून दोनदा दाबलं की हिशेब चुकला. रबराचा पीळ संपला तर विमान आपल्या मर्जीचं मालक. सराव म्हणजे तेव्हा मुख्यतः मोजणं होतं. हाताची नजाकत दाखवायला जागाच नव्हती.

पुढचा टप्पा रीडचा. एका निवृत्त वैमानिकाने परदेशातून आणलेला तसला जुना सेट माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. तोपर्यंत मी त्याबद्दल फक्त वाचलेलं. रिसीव्हर उघडला तर आत पोलादी पट्ट्यांची फणी, प्रत्येक पट्टी थोडी कमी-जास्त लांबीची. हार्मोनियमच्या पेटीतले सूर असतात, तसंच. ट्रान्समिटरची एक कळ दाबली की एक ठरावीक स्वर हवेतून जातो, फणीतली त्याच स्वराची पट्टी थरथरते आणि आपल्या टोकाने एका सर्वोचं, म्हणजे तो अवयव हलवणाऱ्या छोट्या मोटरचं, सर्किट जोडते. दहा चॅनलचा सेट म्हणजे दहा पट्ट्या: एलेव्हेटर वर, एलेव्हेटर खाली, रडर डावा, उजवा, पंखांवरचे एलेरॉन, थ्रॉटल, ट्रिम. थंडीत किंवा इंजिनाच्या थरथरीने पट्टीचा सूर सरकला की जुळवणी पुन्हा करायची. पेटी दुरुस्त करणाऱ्याला हे काम पटकन जमलं असतं.

रीडने विमानाला सगळे अवयव दिले, पण मधलं काही दिलं नाही. कळ दाबली की एलेव्हेटर पूर्ण वर. सोडली की मधोमध. थोडासा वर असा प्रकार नाही. मग लोकांनी तो बोटांनी तयार केला. कळ भराभर टिचकवायची, पूर्ण वर आणि मध्य यांच्यामध्ये एलेव्हेटर इतक्या वेगाने नाचवायचा की विमानाला त्याची सरासरी लागावी. चांगल्या उडवणाऱ्याचा लूप बघणाऱ्याला गुळगुळीत दिसायचा. त्याच्या हाताकडे बघितलं तर टंकलेखकाची परीक्षा चालल्यासारखं. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकजवळच्या ड्युबेनडॉर्फला १९६० साली रेडिओ-नियंत्रित कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा बहुतेकांच्या हातात रीडचे सेट होते. अमेरिकेचा एड काझमिर्स्की आपल्या ‘ओरायन’वर जिंकला. आजच्या मुलांना त्या स्पर्धेतल्या कसरती सोप्या वाटतील. त्यांना एकदा ती कळ देऊन बघावी.

मग आला प्रपोर्शनल. स्टिक जेवढी सरकवाल तेवढाच एलेव्हेटर सरकणार. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डग स्प्रेंग आणि डॉन मॅथेस यांनी जो डिजिटल मार्ग काढला, तोच मुळात आजही चालू आहे. प्रत्येक सर्वोला सेकंदात साधारण पन्नास वेळा एक छोटा पल्स जातो. दीड मिलिसेकंदाचा पल्स म्हणजे मधोमध, एकाकडे झुकला तर एक टोक, दोनाकडे झुकला तर दुसरं. सर्वोच्या आत एक पोटेन्शिओमीटर ‘मी इथे आहे’ सांगत राहतो आणि दोन्ही जुळेपर्यंत मोटर फिरते. वर्गात मी हे फळ्यावर काढायचो तेव्हा पोरं जांभया द्यायची. एकदा उघडा सर्वो टेबलावर ठेवून फिरवून दाखवला, मग जांभया थांबल्या.

१९६७ ला कोर्सिकातल्या अजासिओला फिल क्राफ्ट जगज्जेता झाला. हा माणूस रेडिओ बनवणाऱ्या कंपनीचा मालक. त्याचं ‘क्विक फ्लाय’ विमान अगदी साधं, सरळ पंखाचं. मला ही गोष्ट फार आवडते. रेडिओ तयार करणाराच जिंकतो, आणि विमानावर फारशी कलाकुसर करत नाही. स्पर्धेचं खरं यंत्र कुठलं, हे त्याने सांगून टाकलं.

इथून पुढे मात्र रेडिओला दोष देता येईना. बोट जे म्हणेल ते विमान करणार म्हटल्यावर चूक बोटाची. ‘सराव’ म्हणून आज आम्ही जे करतो, त्याचा जन्म माझ्या मते इथला.

स्लो रोलचंच घ्या. विमान सरळ रेषेत, उंची न सोडता, सावकाश स्वतःभोवती एक फेरी घेणार. उजवीकडे रोल असेल तर पाव फेरीला विमान कडेवर उभं. तिथे पंख त्याला उचलत नाहीत, म्हणून डावा रडर देऊन नाक वर धरायचं. अर्ध्या फेरीला ते उलटं. आता एलेव्हेटर पुढे ढकलायचा, नाहीतर खाली जाईल. पाऊण फेरीला पुन्हा कडेवर, पण दुसऱ्या. आता उजवा रडर. मग शेवटी एलेव्हेटर किंचित मागे. हे सगळं एलेरॉन एका जागी धरून ठेवत, आणि एकेक दाब हळूच चढवत-उतरवत. कागदावर चार ओळी होतात. अंगठ्यात उतरायला किती महिने लागतात ते माणसागणिक बदलतं. त्यात विमान आपल्याकडे येत असेल तर डावं-उजवं उलटं दिसतं. नवख्याला मी एकच सांगतो: जो पंख खाली गेलाय त्याच्याकडे स्टिक ढकल, विमान सरळ होईल.

ऐंशीच्या दशकात स्पर्धेची चाल बदलली. पूर्वी एक कसरत पंचांसमोर करायची, मग लांब जाऊन हवं तसं वळून यायचं, श्वास घ्यायचा, पुढची करायची. ती वळणंही गुणांत धरली जायला लागली. दोन्ही टोकांना वळण म्हणूनही कसरतच: कुठे हाफ क्यूबन, कुठे स्टॉल टर्न, कुठे हम्प्टी बम्प. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग. समोर साधारण दीडशे मीटरवर एक अदृश्य पडदा टांगलाय असं समजायचं. डावीउजवीकडे साठ-साठ अंश आणि वर साठ अंश, त्या चौकटीतच सगळं. पंच दहापैकी गुण देतात, मग कसरतीच्या अवघडपणाच्या अंकाने गुणतात. रेषेत पंधरा अंशांची चूक म्हणजे साधारण एक गुण गेला. स्टॉल टर्नला विमान माथ्यावर जागच्या जागी वळायला हवं. वळताना बाजूला सरकलं की कापलं.

या बदलाने विमानांची तब्येतच बदलली. १९७७ ला ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला ऑस्ट्रियाच्या हानो प्रेटनरने ‘क्युरारे’वर जग जिंकलं, ते बारीक, धारदार आणि सुसाट विमान होतं. सलग कसरतींच्या जमान्यात सुसाट असून भागेना, वर जाताना आणि खाली येताना वेग सारखाच दिसायला हवा. मग पोट फुगलं, पंखे मोठे झाले, किंचाळणाऱ्या टू-स्ट्रोकच्या जागी खर्जातली फोर-स्ट्रोक इंजिनं आली, आणि आता बहुतेकांकडे बॅटरी आणि ब्रशलेस मोटर. मर्यादा ठरलेली: लांबी-रुंदी दोन मीटरच्या आत, वजन पाच किलोच्या आत. त्या चौकटीत जमेल तेवढं मोठं आणि हलकं करायचं.

लास वेगासची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती मला थोडी कमी आवडते. सर्कस सर्कस हॉटेलच्या विल्यम बेनेटने १९७४ ला ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ सुरू केली आणि ती २००२ पर्यंत चालली. रोख बक्षिसं, खऱ्या कसरती विमानांच्या मोठाल्या प्रतिकृती. प्रेटनर तिथे पुन्हा पुन्हा जिंकला. नंतर संगीतावरची फ्रीस्टाइल आली, आणि अर्जेंटिनाच्या किके सोमेन्झिनीसारख्यांनी विमान शेपटीवर उभं करून जागच्या जागी फिरवायला सुरुवात केली. प्रेक्षक उभे राहून टाळ्या देतात. मीही दिल्या असत्या. पण शेपटीवर लटकलेलं विमान कुठे जात नाही, आणि मला विमान कुठेतरी जायला हवं असतं.

आमच्याकडे हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आलं. पुण्यात कॉलेजला असताना मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, तिथे हातात पडली ती कंट्रोल लाइन. दोन तारा, हातात मूठ, विमान आपल्याभोवती गोल, आणि आपणही गोल. जिम वॉकर नावाच्या अमेरिकनाने १९४० च्या सुमाराला रूढ केलेला हा प्रकार. त्यात लूप, आठचा आकडा, उलटं उडणं सगळं होतं, आणि चक्कर फुकट. पण त्यातून एक गोष्ट मिळाली: विमानाची ओढ मुठीत कळायची. तार ढिली पडली की कळायचं आता गेलं. रेडिओवर हे काहीच नसतं. हाताला काही कळत नाही, जे कळायचं ते डोळ्यांनाच. कंट्रोल लाइनवरून रेडिओवर आलेला माणूस पहिले काही आठवडे स्टिक उगाच घट्ट धरून बसतो, त्याचं कारण हे.

इंजिनं ग्लो प्लगची, इंधन मिथेनॉल आणि एरंडेल. घरी आलं की शर्टाच्या वासावरून आई ओळखायची. रेडिओ सेट मात्र पाहुण्यासारखे यायचे, कुणाच्या आखातातल्या भावाच्या सामानात, कुणाच्या अमेरिकेतल्या मेव्हण्याच्या. अमेरिकेतला ७२ मेगाहर्ट्झचा, युरोपातला ३५ चा. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोघांनी सेट चालू केला की एकाचं विमान जमिनीत. म्हणून माळावर एक फळी असायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. तुमच्या चॅनलचा चिमटा तुमच्या अँटेनाला लावलेला असेल तरच स्विच ऑन. २.४ गिगाहर्ट्झचे सेट आल्यावर चिमटे गेले. २०२१ च्या ड्रोन नियमांनी हौशी मॉडेल विमानांना वेगळी जागा दिली, पंचवीस किलोच्या आत आणि डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरात. कुणी माळावर येऊन विचारलं तर दाखवायला कागद झाला.

आता नवा वाद गायरोचा. रिसीव्हरच्या आतच बसवलेला छोटा सेन्सर, वाऱ्याचा धक्का लागला की तुमच्याआधी दुरुस्ती करतो. जागतिक स्पर्धेत तो चालत नाही. “सर, गायरो बंद केला की विमान वाऱ्यात नाचतं,” असं परवा एकजण म्हणाला. नाचणारच. आडव्या वाऱ्यात नाक किंचित वाऱ्याकडे ठेवून, पंख सपाट ठेवून रेष सरळ राखायची, हे रडरचं काम आहे. ते गायरोला शिकवलं तर मुलाला कधी शिकवणार? त्याने गायरो बंद केला, चेहरा पाडून.

सरावाला तो आता हातात काडीचं विमान घेऊन येतो. दोन काड्या आडव्या चिकटवलेल्या, एक शेपटी. उडवण्याआधी कसरतींची सगळी यादी त्या काड्यांनी हवेत काढायची, कुठे रडर, कुठे थ्रॉटल कमी, तोंडाने बोलत. मी मागे उभा राहून पुढची कसरत सांगतो. स्पर्धेत हे काम कॉलर करतो. त्याचे लूप चांगले गोल येतात. उजवीकडून डावीकडे जाणारा स्लो रोलही बरा. डावीकडून उजवीकडे जाणारा मात्र पाऊण फेरीला दबतो, कारण उजवा रडर उशिरा येतो आणि तो उशीर झाकायला मुलगा रोल घाईने संपवतो. येत्या रविवारी तो एकच रोल, त्याच बाजूने, बॅटरी संपेपर्यंत.