उन्हाचा वाटा

लष्कर ही दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून 1810 च्या सुमारास उभी राहिलेली वस्ती. तिच्यातील टोपी बाजारासारख्या दाट भागात सावली हेच सुख मानले गेले. आज मात्र गच्चीवरील ऊन मोलाचे ठरले आहे.

प्रकाशापासून वीज निर्माण होते, हे बेकेरेल यांनी 1839 मध्ये दाखविले. 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट सिद्ध केला. त्याची कार्यक्षमता सुमारे 6 टक्के होती. 10 जुलै 2020 रोजी रीवा येथील 750 मेगावॉटचा प्रकल्प राष्ट्रार्पण झाला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजनेने 3 किलोवॉटच्या संचास 78,000 रुपयांचे अनुदान ठरविले.

माझ्या मते पॅनेलची निवड करताना दराआधी सावली पाहावी. किलोवॉटमागे सुमारे 100 चौरस फूट मोकळी जागा आणि दक्षिणेकडे तोंड हवे. एका पॅनेलवरील छाया साऱ्या साखळीचा प्रवाह रोडावू शकते. म्हणजे शेजाऱ्याने चढविलेला मजला आपली वीज हिरावतो. वाडा भावांत वाटला जातो, गच्ची सामाईक राहते. तेथील उन्हावर हक्क कोणाचा, हे आधीच लेखी ठरवावे. पूर्वजांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरविल्या. आपण उन्हाचे वाटे ठरवू या.