हकिमाने मागितलेली पारख

आमच्या दापोऱ्याच्या घरी चुलीमागे एक काळाकुट्ट तवा उभा करून ठेवलेला असे. त्यावर भाकरी कधी भाजली गेली नाही. तो आजीच्या मिसरीचा तवा. तंबाखू त्यावर काळी होईतो भाजायची, बारीक करून डबीत भरायची, आणि पहाटे, दुपारी, निजताना बोटाने हिरड्यांना लावायची. घरातल्या बहुतेक बायका मिसरी लावीत आणि घरातले पुरुष "आमच्या बायकांना कसले व्यसन नाही" असे पाहुण्यांना सांगत. आजीच्या गालाला आतून एक पांढरा चट्टा होता. ती जांभई देई तेव्हा आम्हा मुलांना तो दिसे. हाताला हळद लागावी तसे तोंडाला तंबाखू लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला. कोणा डॉक्टराने तो पाहिला नाही. शेवटच्या वर्षी तिला भाकरी गिळवेना. दुधात कुस्करून दिली तरी ती हाताने ताट दूर सारी.

पुढे इतिहास हा विषय घेऊन एम. ए. झालो, आणि या तव्याचा माग काढताना वाट थेट अकबराच्या दरबारापर्यंत गेली. असद बेग नावाचा अकबराचा एक सरदार होता. शाहजादा दानियाल तेव्हा दख्खनचा कारभार पाहत बुऱ्हाणपुरास असे. त्याच्यासाठी विजापूरच्या आदिलशहाची मुलगी आणण्याच्या कामी हा असद बेग विजापुरास गेला होता. (दानियाल लग्नानंतर फार जगला नाही, १६०५ साली बुऱ्हाणपुरातच दारूपायी गेला.) विजापुरात असद बेगाने तंबाखू पाहिली. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेली ही वनस्पती दख्खनेत तोवर रुळली होती. उत्तरेत नवलाई म्हणून त्याने ती बरोबर घेतली, रत्नजडित नळी करवली आणि १६०४ च्या सुमारास आग्र्यास सगळा सरंजाम चांदीच्या तबकात घालून बादशहापुढे ठेवला.

त्यानंतरची हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. पदरचा हकीम अस्वस्थ झाला आणि त्याने पुढे ओढू देईना. या औषधाची पारख झालेली नाही, आपल्या विद्वानांच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, तेव्हा याचे गुण आम्ही हुजुरांना कसे सांगावे, असे त्याचे म्हणणे. असद बेग म्हणाला, फिरंगी काही इतके मूर्ख नाहीत. त्यांच्यातही शहाणे लोक आहेत. त्यावर हकिमाने उत्तर दिले की फिरंग्यांची रीत पारखून घेतल्याशिवाय आम्हाला स्वीकारायची नाही. असद बेग हजरजबाबी होता. जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती, असे तो बोलला, आणि बादशहा त्याच्या बोलण्यावर खूष झाला. वादात हकीम हरला. मात्र स्वतः अकबराने तंबाखूची सवय लावून घेतली नाही. उमरावांनी ती मागून मागून नेली, व्यापारी विकू लागले आणि बघता बघता ती पसरली.

माझ्या मते त्या दिवशी दरबारात सर्वांत शहाणे वाक्य हकिमाचे होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत अकबराच्या नवरत्नांची नावे असतात, या हकिमाची आठवण कोणी ठेवत नाही. तंबाखू वाईट आहे, असे तो म्हणालाच नव्हता. पारख करा, एवढेच त्याचे मागणे होते.

ती कोणी केली नाही. १६१७ साली जहांगिराने बंदीचे फर्मान काढले, पण फर्मानाने तलफ थांबत नाही. दख्खन आणि आग्रा यांच्यामधल्या राजरस्त्यावरचे आपले बुऱ्हाणपूर तर या पिकाचे आगरच झाले. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो की बुऱ्हाणपूरच्या आसपास तंबाखू इतकी पिके की काही वर्षी लोक ती तोडायचाही कंटाळा करीत आणि अर्धे पीक शेतातच सडू देत. आज ज्या तापीकाठी केळीशिवाय दुसरे काही दिसत नाही, त्या मातीची ही हकीकत आहे.

हकिमाच्या मागणीला उत्तर मिळायला साडेतीनशे वर्षे लागली. १९५५ साली मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर, त्यांचे सहकारी सांघवी आणि राव यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडा-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने मांडला. पण ती पाहणी रोग जडलेल्या माणसांची होती. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता निरोग्याच्या दारात जाण्याचे काम दंतवैद्य डॉ. फली मेहता यांनी हाती घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचा विभाग होता आणि कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग त्यांच्या सोबतीला होते. एकट्या पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली गेली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिसरी आहे. आमच्या आजीची मिसरी शास्त्राच्या कागदावर चढलेली पाहून मला काय वाटले ते सांगता येत नाही. तिच्या गालातल्या चट्ट्यालाही तिथे नाव होते, ल्यूकोप्लाकिया, आणि कर्करोगाच्या आधीची पायरी म्हणून त्याच्याकडे पाहिले जात होते.

यानंतरचा टप्पा खऱ्या अर्थाने चाचणीचा. १९७७-७८ पासून केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना या कामात सामील करून घेतले. श्रीकाकुलमच्या खेड्यांत बायका चुट्टा पेटवून त्याचे जळते टोक तोंडात धरतात. टाळू भाजून निघते. अशांना दरवर्षी गाठायचे, तोंड तपासायचे, आणि तंबाखू सोडा म्हणून समजावायचे. एकेकाशी बोलून, चित्रपट दाखवून, रेडिओवरून, वर्तमानपत्रांतून. तुलना कोणाशी? त्याच भागांतल्या दहा वर्षांपूर्वीच्या पाहणीतील लोकांशी. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. समजावलेल्या लोकांत तंबाखू सोडणारे अधिक निघाले. बहुसंख्यांनी सोडली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद आहे. पण जे सोडत त्यांच्या तोंडात नवे चट्टे उठण्याचे प्रमाण पुष्कळ खाली येते, हे या दीर्घ कामातून दिसले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. माणूस दारात येऊन बोलला, एवढाच उपचार.

माझा स्वतःचा कबुलीजबाब इथेच देऊन टाकतो. मुख्याध्यापकाच्या टेबलाच्या खणात हजेरीपत्रकाखाली चुना-तंबाखूची डबी कित्येक वर्षे होती. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ साली झाला. खणातल्या डबीबद्दल कायदा गप्प आहे. ती सुटली ती बिहारच्या शिक्षकांची हकीकत वाचल्यावर. नवी मुंबईची हीलिस-सेखसरिया संस्था आणि अमेरिकेतील संशोधक यांनी तिथल्या ७२ सरकारी शाळा घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या निवडून त्यांत वर्षभर शिक्षकांसाठी कार्यक्रम केला. उरलेल्या शाळांना तोच कार्यक्रम नंतर द्यायचे ठरले. २०१३ साली निकाल छापून आला. कार्यक्रम संपून नऊ महिन्यांनी पाहिले तेव्हा सहा महिने तंबाखूला न शिवलेले शिक्षक पहिल्या गटात शेकडा १९, दुसऱ्यात ७. मी शेकडा १९ मधला नव्हतो, पण मास्तरांवरही चाचणी होते आणि काही मास्तर सुटतात, हे वाचून डबी गटारात टाकली. दोनदा परत घेतली. तिसऱ्यांदा टाकली ती गेली.

आता अशा कामाला शिस्त आली आहे. २००७ साली वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची केली गेली. भाग घेणाऱ्याला त्याच्या भाषेत सगळे समजले पाहिजे, आणि मधूनच बाहेर पडायला कारण द्यावे लागू नये, असा नियम आहे. 'त्याच्या भाषेत' हे शब्द आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी जरा ठळक वाचावेत. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात तोंड तपासायला तरुण डॉक्टरांची एक तुकडी आली होती. संमतीचे कागद हिंदीत. पुढे बसलेल्या बायकांना बाजारापुरते हिंदी येते, पण 'स्वैच्छिक सहभागिता' कोणाला उमजणार? मी चष्मा लावून कागद ओळीने मराठीत सांगत बसलो. एक म्हातारी शेवटपर्यंत ऐकत होती.

"याचा मले काय फायदा, गुरुजी?"

मी डॉक्टर मुलीकडे पाहिले. ती खरे बोलली. म्हणाली, तुम्हाला कदाचित काहीच नाही आजी, तुमच्या नातींना होईल.

म्हातारीने पदराने हिरड्यांवरची मिसरी पुसली आणि तोंड उघडले.